कासवाची चाल आणि सशाची झोप

१ जानेवारी २०२० पासून भारतात तारांकन मिळालेल्या प्रत्येक घरगुती वातानुकूलन यंत्राला एक साधे बंधन लागू झाले. यंत्र कारखान्यातून निघेल तेव्हा त्याचे आरंभीचे तापमान २४ अंश सेल्सिअस ठरवलेले असावे. पुढे ज्याला हवे त्याने ते १८ करावे, ज्याला हवे त्याने २६. त्याला कुणाची हरकत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबानुसार तापमान एक अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. वीज वाचवा असे सांगणाऱ्या पाट्या आपल्या देशात कमी नाहीत. पण हा नियम माणसाच्या सद्वर्तनावर विसंबत नाही, यंत्र ज्या स्थितीत आपल्या हाती येते ती स्थिती तेवढी बदलतो.

संगणकाच्या क्षेत्रात या विचाराचा इतिहास तीस वर्षांहून जुना आहे, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. हा मजकूर आपण ज्या पडद्यावर वाचत आहात त्यामागचा प्रोसेसर या क्षणीही आपला वेग आणि व्होल्टेज सेकंदाला अनेकदा बदलत असणार. आपण एका वाक्याशी रेंगाळलात की तो झोपतो. बोटाने पडदा वर सरकवलात की दचकून उठतो. हे सारे आपल्याला न विचारता घडते. ते कुणी ठरवावे, यंत्राने, कार्यप्रणालीने की माणसाने, यावर या तीस वर्षांत बरीच ओढाताण झाली. आपल्या देशातील विजेचा सर्वांत मोठा हिस्सा आजही कोळशावर तयार होतो. त्यामुळे ही ओढाताण आपल्याला परकी मानता येणार नाही.

१९९२ हे वर्ष या इतिहासाचा आरंभ म्हणून धरायला हरकत नाही. त्या वर्षी एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन गोष्टी घडल्या. जानेवारीत इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून, काम नसलेल्या संगणकाचे भाग टप्प्याटप्प्याने बंद करण्याची एक सामाईक पद्धत प्रसिद्ध केली. ती ‘एपीएम’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. जूनमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘एनर्जी स्टार’ हे ऐच्छिक बोधचिन्ह सुरू केले आणि त्याचा पहिला मान संगणक व मॉनिटर यांना दिला. काही वेळ कुणी हात न लावल्यास यंत्राने निद्रावस्थेत जावे आणि त्या अवस्थेत ३० वॅटपेक्षा अधिक शक्ती खाऊ नये, अशी ती माफक अट होती. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी केंद्र सरकारच्या कार्यालयांनी असेच संगणक घ्यावेत असा आदेश काढला. सरकार हे तेथील संगणकांचे फार मोठे गिऱ्हाईक असल्याने उत्पादकांना त्या चिन्हाकडे पाठ फिरवणे परवडण्यासारखे राहिले नाही.

तिसरी गोष्ट त्या मानाने शांतपणे घडली. एप्रिल १९९२ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील अनंत चंद्रकासन, सॅम्युएल शेंग आणि रॉबर्ट ब्रॉडर्सन यांचा कमी शक्तीच्या चिप-रचनेवरील निबंध प्रसिद्ध झाला. चंद्रकासन मूळचे चेन्नईचे, तेव्हा विद्यार्थिदशेतले. पुढे ते एमआयटीत अभियांत्रिकी शाखेचे प्रमुख झाले. या निबंधाचे म्हणणे समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडणार नाही, म्हणून येथे जरा थांबू.

चिपमधील प्रत्येक कळ उघडते वा मिटते तेव्हा विद्युतभाराचा एक सूक्ष्म साठा भरला जातो किंवा रिकामा होतो. या एका उघडझापीला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सेकंदाला अशा किती उघडझापी होतात ते घड्याळाच्या वारंवारतेवर अवलंबून. म्हणजे शक्ती ही व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता या प्रमाणात बदलते. आता केवळ वारंवारता निम्मी केली तर काय होईल? शक्ती निम्मी होईल खरी, पण तेच काम संपायला दुप्पट वेळ लागेल आणि एकूण ऊर्जा जिथल्या तिथे राहील. विद्यार्थी येथे हमखास चकतात. नुसते हळू चालून काहीच वाचत नाही. बचत होते ती व्होल्टेज उतरवल्याने. व्होल्टेज २० टक्क्यांनी उतरवले तर प्रत्येक उघडझापीची ऊर्जा ६४ टक्क्यांवर येते. मात्र व्होल्टेज उतरले की कळा मंदावतात, आणि म्हणून वारंवारता कमी करावी लागते. मंद गती ही बचतीची किंमत आहे. तिलाच बचतीचे कारण समजू नये.

बर्कलीच्या तिघांनी या मंदपणावर एक उपाय सुचवला. एका जलद मंडलाऐवजी तशीच दोन मंडले शेजारी-शेजारी ठेवावीत आणि प्रत्येकाने निम्म्या वेगाने काम करावे. त्यांच्या उदाहरणात यामुळे ५ व्होल्टऐवजी २.९ व्होल्ट पुरले. चिपवरची जागा तिपटीहून अधिक लागली, पण तेवढेच काम तेवढ्याच वेळात ३६ टक्के शक्तीत झाले. आजच्या भ्रमणध्वनीत एका प्रोसेसरऐवजी आठ गाभे का असतात, याचे निम्मेअधिक उत्तर या हिशेबात आहे.

या निबंधाने चिप बांधताना व्होल्टेज कमी ठेवावे हे दाखवले. चिप चालू असताना, गरजेप्रमाणे, क्षणाक्षणाला ते बदलावे ही पुढची पायरी १९९४ मध्ये पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात चढली गेली. मार्क वायझर, ब्रेंट वेल्च, ॲलन डेमर्स आणि स्कॉट शेंकर यांचा तो निबंध. वायझर हे नाव अन्य कारणासाठी अधिक प्रसिद्ध आहे. संगणक भिंतीत, टेबलात, खिशात विरून जातील आणि माणसाला त्यांची जाणीवही राहणार नाही, असे भाकीत त्यांनी १९९१ मध्ये केले होते. ते खरे व्हायचे तर खिशातल्या संगणकाची बॅटरी टिकली पाहिजे, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार!

चौघांनी प्रत्यक्ष वापरातील संगणकांच्या कामाच्या नोंदी घेतल्या. त्यांत त्यांना दिसले ते असे, की प्रोसेसर काही क्षण पूर्ण वेगाने धावतो आणि मग बराच वेळ रिकामा बसतो. या रिकाम्या वेळात काम पसरवून सावकाश केले तर व्होल्टेज उतरवता येईल. त्यांनी यासाठी ससा-कासवाची गोष्टच उदाहरणाला घेतली आणि कौल कासवाला दिला. मोजण्यासाठी एककही नवे काढले: एका ज्यूलमध्ये किती दशलक्ष आज्ञा पार पडल्या. तोवर प्रोसेसरची थोरवी सेकंदाच्या हिशेबात मोजत.

पण किती सावकाश चालावे हे ठरवायला पुढे किती काम येणार ते ठाऊक हवे, आणि भविष्य तर कुणालाच ठाऊक नसते. त्यांनी तीन रीती तपासल्या. पहिलीत संपूर्ण भविष्य माहीत आहे असे धरले, दुसरीत थोडेसे पुढचे, आणि तिसरीत काहीच नाही. तिसरीचे नाव त्यांनी ‘भूतकाळ’ ठेवले. गेल्या काही मिलिसेकंदांत जेवढे काम होते तेवढेच पुढच्या तेवढ्याच वेळात येईल, एवढेच तिचे तत्त्वज्ञान. आणि दर ५० मिलिसेकंदांनी निर्णय घेणारी ही भाबडी रीत प्रोसेसरची निम्म्यापर्यंत ऊर्जा वाचवू शकते असे त्यांच्या गणिताने दाखवले, व्होल्टेज २.२ पर्यंत उतरवता आले तर ७० टक्क्यांपर्यंत. हे प्रयोग कागदोपत्रीच होते, कारण असे व्होल्टेज बदलणारे प्रोसेसर बाजारात तेव्हा मिळत नव्हते. पण येथून पुढे या विषयातील जवळजवळ प्रत्येक योजना त्या ‘भूतकाळा’चीच वंशज आहे.

दरम्यान घराघरांत आणि कार्यालयांत जे पोहोचले होते ते निद्रेचे तंत्र. येथे एक गमतीदार विपर्यास नोंदवायला हवा. पडदा न वापरल्यास त्यावर उडते मासे, फिरते नळ किंवा धावते तारे दाखवणारे ‘स्क्रीनसेव्हर’ अनेकांना वीज वाचवण्याचे साधन वाटत. ते निघाले होते जुन्या काचनळीच्या पडद्यावर एकच चित्र कायमचे कोरले जाऊ नये म्हणून. नळी पूर्ण तेजाने जळतच राहायची आणि मासे उडवण्यासाठी प्रोसेसरही राबायचा.

खरे निद्रातंत्रही फारसे वापरले गेले नाही. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी अनेक कार्यालयांत कामाची वेळ संपल्यानंतर फिरून यंत्रे मोजली. २००४ च्या त्यांच्या अहवालात असे आढळते, की मेजावरील संगणकांपैकी रात्री बंद केलेले जेमतेम ३६ टक्के. जे बंद केले नव्हते त्यांतले निद्रावस्थेत गेलेले अवघे सहा टक्के. उरलेले रात्रभर जागे. मॉनिटरचे चित्र मात्र उलट होते. बंद न केलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के मॉनिटर स्वतःहून झोपले होते. एकाच मेजावरच्या दोन यंत्रांत हा फरक का? मॉनिटर झोपला आणि उठला तर कुणाचे काही बिघडत नाही. झोपलेला संगणक मात्र कधीकधी उठतच नसे, किंवा उठला तरी त्याचे जाळ्याशी असलेले नाते तुटलेले असे. रात्री प्रती काढणे, दुरुस्त्या बसवणे यांसाठी यंत्रे जागी हवीत म्हणून व्यवस्थापकही ती सोय बंद करून ठेवत. सोय होती, चिन्ह होते, आणि बचत नव्हती.

हे किती महाग पडते त्याचा अंदाज कुणालाही करता येईल. समजा, एक जुना मेजावरचा संगणक रिकामा असताना ५० वॅट घेतो आणि कामाबाहेरचे १४ तास जागा राहतो. रोजचे ०.७ युनिट झाले, वर्षाचे सुमारे २५५. कोळशावर तयार झालेल्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका यंत्राच्या नुसत्या रात्रीच्या जागरणापायी वर्षाला पाव टन. कार्यालयात अशी यंत्रे शंभर असली तर?

यात आणखी एक भांडण होते. एपीएमच्या व्यवस्थेत झोपेचा निर्णय यंत्राच्या मुळाशी कोरलेली बायोस ही प्रणाली घेई. तिला फक्त कळ दाबली गेली की नाही एवढे दिसे. कार्यप्रणाली मागे एखादे मोठे काम करत आहे हे तिला नीट कळत नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ ही नवी पद्धत आणली आणि हा अधिकार कार्यप्रणालीकडे सोपवला. ही पद्धत इतकी अवजड होती की लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी तिच्यावर जाहीरपणे आणि चांगलेच तोंडसुख घेतले. आजही लॅपटॉप झोपतो-उठतो तो तिच्याच आधाराने.

व्होल्टेज बदलणारे प्रोसेसर आम ग्राहकापर्यंत पोहोचले ते जानेवारी २००० मध्ये. इंटेलने लॅपटॉपसाठी ‘स्पीडस्टेप’ आणले. ६५० मेगाहर्ट्झचा पेंटियम भिंतीतील विजेवर १.६ व्होल्टने चाले. तार काढून बॅटरीवर आला की ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट. वरचे सूत्र लावून पाहा: शक्ती सुमारे ५५ टक्क्यांवर येते आणि प्रत्येक उघडझापीची ऊर्जा ७१ टक्क्यांवर. पण येथे निर्णय प्रोसेसरचा नव्हता, तारेचा होता. तार आहे की नाही, एवढाच प्रश्न. त्याच महिन्यात ट्रान्समेटा या लहानशा कंपनीने आपला ‘क्रूसो’ प्रोसेसर जाहीर केला. तो कामाचा भार स्वतः पाहून सेकंदाला अनेकदा वेग व व्होल्टेज बदलत असे, आणि कार्यप्रणालीला त्याची खबरही नसे. वायझर यांची कल्पना प्रत्यक्षात आली ती या यंत्रात. ते स्वतः मात्र १९९९ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी निवर्तले होते.

ट्रान्समेटा बाजारात टिकली नाही. पण तिच्या प्रोसेसरने एक काम असे केले की ते आपल्या उष्ण देशातील वाचकांना विशेष भावेल. २००२ मध्ये लॉस अलामॉस येथे वू-चुन फेंग यांनी असे २४० प्रोसेसर एकत्र करून ‘ग्रीन डेस्टिनी’ नावाचा महासंगणक उभारला. त्याला लागत होते ३.२ किलोवॅट, म्हणजे साधारण दोन केस वाळवण्याच्या यंत्रांइतके. तो ठेवला होता एका धुळकट गोदामात, जिथे तापमान तीस अंशांच्या आसपास जाई आणि वातानुकूलन नव्हते. शेजारचे बलाढ्य महासंगणक थंड ठेवण्यासाठी स्वतंत्र इमारती लागत असताना हा तिथे न बिघडता चालत राहिला. त्याच्या वेगाला हसणारे पुष्कळ होते. पुढे २००७ मध्ये फेंग यांच्याच पुढाकाराने जगातील महासंगणकांची ऊर्जा-कार्यक्षमतेनुसार क्रमवारी लावणारी ‘ग्रीन ५००’ ही यादी निघू लागली.

तोवर मोठ्या कंपन्यांनाही वेग वाढवत नेण्याचा मार्ग बंद झाल्याचे कळून चुकले होते. १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड यांनी सांगितलेला नियम असा, की ट्रान्झिस्टर लहान करत जाऊ तसे व्होल्टेजही उतरत जाते आणि उष्णता वाढत नाही. तीस वर्षे या नियमाने उद्योगाला पोसले. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले, की बंद कळेतूनही वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरेना. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत सोडून दिला.

त्याच २००४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात एक छोटा कार्यक्रम दाखल झाला. त्याचे लेखक इंटेलचे अभियंते वेंकटेश पल्लिपाडी. अशा कार्यक्रमांना लिनक्समध्ये ‘गव्हर्नर’ म्हणतात. हे नाव वाफेच्या इंजिनातून आले आहे. इंजिन फार वेगाने फिरू लागले की दोन लोखंडी गोळे दूर फेकले जाऊन वाफेची झडप मिटवत, त्या जुगाडाला जेम्स वॉटच्या काळापासून हाच शब्द. पल्लिपाडी यांच्या गव्हर्नरचे नाव ‘ऑनडिमांड’, म्हणजे मागणीनुसार. त्याचा नियम साधा होता. ठरावीक अंतराने मागे वळून पाहायचे. प्रोसेसर ८० टक्क्यांहून अधिक वेळ व्यग्र होता असे दिसले तर थेट सर्वोच्च वेग; अन्यथा तेवढे काम जेमतेम भागेल इतका खालचा वेग.

वर जाताना एकदम उडी का, पायरी-पायरीने का नाही? कारण माणूस. कळ दाबल्यावर अक्षर उमटायला उशीर झाला की त्याला यंत्र ‘हळू’ वाटते, आणि एकदा तसे वाटले की तो सेटिंग्जमध्ये जाऊन बचतीची सोयच बंद करतो. यंत्राने वाचवलेली सगळी ऊर्जा मग त्या एका टिचकीत जाते. चांगल्या स्वयंचलित बचतीची कसोटी म्हणून ती कुणाला जाणवू नये अशीच असावी लागते. ऑनडिमांड ही कसोटी उतरला आणि अनेक लिनक्स वितरणांनी तो मूळ मांडणीतच चालू करून दिला. जगभरातल्या यंत्रांवर, कुणी काही न करता, तो कामाला लागला.

यानंतर कासवाच्या पक्षाला धक्का बसला. बंद कळांमधून झिरपणारी वीज वाढत गेली तसे हिशेब उलटले. चिप सावकाश चालली तर ती जास्त वेळ जागी राहते, आणि जागी आहे तोवर झिरपत राहते. त्यापेक्षा काम झटपट उरकावे आणि चिपचा मोठा भाग पूर्ण बंद करून गाढ झोपावे, यात अनेकदा अधिक बचत होऊ लागली. पळा आणि झोपा! गोष्टीत सशाची फजिती ज्या झोपेने झाली, तीच झोप येथे त्याला जिंकवून गेली.

पण झोप गाढ हवी, आणि ती मिळत नव्हती. लिनक्सचा गाभा तेव्हा ठरावीक ठोक्याने प्रोसेसरला उठवत असे, सेकंदाला शंभर, अडीचशे, तर कधी हजार वेळा. काम असो नसो. ‘झोपलास का रे?’ असे विचारण्यासाठी झोपलेल्याला हलवून उठवण्यातलाच हा प्रकार. २००७ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे हा ठोका रिकाम्या वेळी थांबवता येऊ लागला. गाभा शांत झाला, आणि मग खरे अपराधी उघडे पडले. त्याच वर्षी इंटेलच्या अर्यान व्हॅन दे वेन यांनी ‘पॉवरटॉप’ नावाचे साधन काढले. कोणता कार्यक्रम प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवतो याची ते यादीच लावत असे. कुणाचा घड्याळ दाखवणारा चिमुकला कार्यक्रम, कुणाचा टपाल पाहणारा, कुणाचा नुसता लुकलुकणारा. आपले नाव त्या यादीत वर दिसू लागल्यावर लेखकांनी आपापले कार्यक्रम भराभर सुधारले. नियम नाही, दंड नाही; नुसते मोजमाप उघड्यावर आले. माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक सुधारणा ही.

या टप्प्यावर भारतातील अभियंतेही या कामात होते. २००८ च्या ओटावा येथील लिनक्स परिषदेत आयबीएमचे वैद्यनाथन श्रीनिवासन व त्यांचे सहकारी यांनी पल्लिपाडी यांच्यासह एक निबंध मांडला. कल्पना अशी: चार प्रोसेसर असतील आणि काम थोडे असेल, तर ते चौघांत वाटू नये. एक-दोघांवर गोळा करावे, म्हणजे उरलेल्यांना सलग झोप मिळेल. रिकाम्या डब्यांची गाडी ओढत नेण्यापेक्षा प्रवासी दोन डब्यांत बसवणे शहाणपणाचे, हे कुणालाही पटेल. ती सोय लिनक्समध्ये एका कळीच्या रूपाने उपलब्ध होती. मात्र ती कळ मूळ मांडणीत बंद असे. ज्याला हवी त्याने शोधून चालू करायची. फारच थोड्यांनी ती केली. वापर नाही म्हणून देखभाल नाही, देखभाल नाही म्हणून ती नीट चालेना, आणि २०१२ मध्ये ती गाभ्यातून काढून टाकण्यात आली. उत्तम कल्पना, चुकीच्या बाजूला लावलेले बटण. ऑनडिमांड आणि ही कळ यांची गुणवत्ता तुलना करण्याजोगी असेल. त्यांच्या नशिबातला फरक आरंभीच्या मांडणीचा होता.

मोठ्या संगणक केंद्रांची कथा वेगळी आहे. डिसेंबर २००७ मध्ये गूगलचे लुईझ आंद्रे बरोझो आणि उर्स होल्झले यांनी दाखवून दिले, की त्यांचे सर्व्हर बहुतांश वेळ १० ते ५० टक्के क्षमतेनेच चालतात. ते पूर्ण झोपण्याइतके रिकामे कधीच नसतात आणि पूर्ण राबण्याइतके व्यग्रही क्वचितच. तरीही रिकामा सर्व्हर पूर्ण भाराच्या जवळजवळ निम्मी शक्ती खात असे. जेवढे काम तेवढीच ऊर्जा, असे यंत्र बांधा, ही त्यांची मागणी उत्पादकांनी बऱ्याच अंशी मानली. पण यंत्रात सोय आली तरी ती वापरणे चालकांच्या हाती राहिले. झोपेतून उठायला लागणारे काही मायक्रोसेकंदसुद्धा ज्यांना जाचतात, ते सर्व्हर ‘सर्वोच्च कामगिरी’च्या मांडणीवर ठेवून बचतीच्या सोयी बंद करतात. देशातील अशा केंद्रांचा सर्वांत मोठा समूह मुंबई आणि नवी मुंबईत आहे. तेथील सर्व्हरच्या मांडणीत कोणता पर्याय निवडला आहे, ही बाब म्हणून त्या यंत्रांच्या मालकापुरती उरत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांचा मुख्य संगणक आता भ्रमणध्वनी आहे, आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. २०११ मध्ये एआरएमने थोर आणि लहान असे दोन जातींचे गाभे एकाच चिपवर आणले. एका परीने ससा आणि कासव दोघांनाही एकाच घरात बिऱ्हाड दिले. कोणते काम कुणाकडे द्यावे हे ऊर्जेचा हिशेब करून ठरवणारी योजना २०१९ मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आली. तिच्या मुळाशी कामाचा भार मोजण्याची जी रीत आहे तीत जुन्या आठवणी हळूहळू पुसट होतात. ३२ मिलिसेकंदांपूर्वीच्या कामाचे वजन निम्मे धरले जाते. वायझर यांचा ‘भूतकाळ’ अजून नांदतो आहे, फक्त आता त्याला विसरताही येते. २०१५ च्या अँड्रॉइडने ‘डोझ’ नावाची डुलकी आणली. पडदा बंद, चार्जरची तार नाही आणि फोन हलतही नाही असे दिसले की ॲपची पार्श्वभूमीतली कामे थोपवून ठेवायची. संदेश कधीकधी उशिरा का येतो, त्याचे एक उत्तर हे.

निर्णयाचा अधिकारही फिरून जागेवर आला आहे. बायोसकडून तो कार्यप्रणालीकडे गेला होता. २०१५ पासून इंटेलच्या प्रोसेसरांनी वेग निवडण्याचे काम पुन्हा चिपच्या आत घेतले, कारण कार्यप्रणालीला कळेपर्यंत संधी निघून गेलेली असे. आणि या आपोआप बदलणाऱ्या वेगाची एक अनपेक्षित किंमत २०२२ मध्ये पुढे आली. अमेरिकी विद्यापीठांतील संशोधकांनी ‘हर्ट्झब्लीड’ नावाचा हल्ला दाखवला. प्रोसेसर किती शक्ती खातो हे तो कोणत्या अंकांवर काम करतो त्यावरही अवलंबून असते. शक्तीवरून वेग ठरतो. आणि वेगावरून लागणारा वेळ. तो वेळ दूरवरून मोजून गुप्त किल्ली ओळखता येते! वेग स्थिर ठेवला तर हा मार्ग बंद होतो, पण मग कामगिरीला मोठी खीळ बसते. उत्पादकांनी तसे केले नाही. सांकेतिक लेखनाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांनीच काळजी घ्यावी असे सुचवले.

आता २४ अंशांकडे. वातानुकूलन यंत्रांचे तारांकन भारतात अनिवार्य आहे. लॅपटॉप मात्र ऐच्छिक यादीत आहे. उत्पादकाला वाटले तर तारा, नाही तर नाही. किती मिनिटांनी पडदा विझावा, किती मिनिटांनी यंत्र झोपावे, रिकामा गाभा किती गाढ झोपू द्यावा, हे आकडे आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या संगणकात परदेशी कार्यप्रणाली आणि उत्पादक ठरवून पाठवतात. ते बदलतातही. विंडोज ११ च्या २०२२ मधील आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने नव्या यंत्रांवरील पडदा विझण्याच्या आणि झोपण्याच्या मूळ मुदती कमी केल्या, आणि तेवढ्याने कोट्यवधी यंत्रांच्या रात्री बदलण्याची सोय झाली. जून २०२५ मध्ये आपल्या केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी वातानुकूलन यंत्रे २० अंशांच्या खाली आणि २८ च्या वर जाऊच नयेत असा विचार जाहीर केला, तेव्हा त्यावर देशभर वाद झाला. संगणकाच्या मिनिटांवर असा वाद आपल्याकडे अजून झालेला नाही. आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील यंत्रांवर हे आकडे किती आहेत ते पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ‘पॉवर’ नावाच्या पानावर ते लिहिलेले असतात.